टेबलाखालची होडी

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मागच्या केसची सगळी पत्रं काल फाडली. केस चालू असेपर्यंत कुलपात आणि संपली की तुकडे, हा वर्गातल्या आपल्या सरांचा नियम अजून पाळते आहे. तुझं अक्षर फाडताना जिवावर येतं, पण फाडलं.

नवी खोली मिळाली. पहिल्या मजल्यावर आहे, ऊन चांगलं येतं. खाली दंतवैद्य आहेत, तेच घरमालक. संमोहनात माणूस जरा शांत होत आलेला असतो आणि नेमकं खालून त्यांचं ड्रिल सुरू होतं. पहिल्या आठवड्यात माझं रडायचंच बाकी राहिलं होतं. त्यांच्या बायकोला झोप येत नाही, तिला मी घेईन का, असं ते विचारत होते. घेऊ का?

आता नवी केस. बाई सत्तरीच्या आसपास. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. बाहेरगावाहून येतात, बसने दोन तास. नाव नाही, गाव नाही, पहिल्या दिवशी डोळ्यांत भरलेल्या वस्तूवरून नाव ठेवायचं असं आपलं ठरलंय, म्हणून मी यांना टाचणीबाई म्हणते. कॉलरच्या आतल्या बाजूला अजूनही दोन टाचण्या टोचलेल्या असतात त्यांच्या.

तक्रार उजव्या हाताची. अंगठा आणि दोन बोटं सहा महिन्यांपासून आखडली आहेत, काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी. आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. नसांच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून हात निर्दोष असल्याचं लिहून दिलंय. त्याशिवाय मी पुढे गेले नाही, शाबासकी दे.

पहिल्या दिवशी सगळं नीट सांगितलं. ही झोप नव्हे, तुम्ही हवं तेव्हा डोळे उघडू शकता, नको ते मी बोलायला लावणार नाही. मग हेही सांगितलं की मी माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना, नाव न लिहिता, पत्रातून सल्ला विचारते. बहुतेक लोक इथे बिचकतात. या म्हणाल्या, "कोण असतात त्या?" क्लायंटचा तो हक्क आहे, म्हणून तुझं नाव सांगितलं. त्यांनी संमतीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "लिहा. सगळं लिहा. काही गाळू नका." आणि डाव्या हाताने मोठ्ठी सही ठोकली.

मला आवडल्या आहेत. हे तुला सांगून ठेवते.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

घे शाबासकी. डॉक्टरांची चिठ्ठी मागितलीस म्हणून एक आणि "आवडल्या आहेत" हे लपवलं नाहीस म्हणून दुसरी.

घरमालकांच्या बायकोला घ्यायचं नाही. एका खुर्चीत एकच नातं बसतं. उद्या नळ गळला तर तू तक्रार करशील की त्यांच्या पत्नीचं मन सांभाळशील? शिवाय तिला झोप का येत नाही हे त्या ड्रिलवरून तुला कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाचं तरी नाव सुचव आणि गोड बोलून सुटका करून घे.

टाचणीबाईंच्या हाताला घाई करू नकोस. बोटं सोडवायची नाहीत, त्यांनी काय धरलंय ते बघायचं. आणि तेही विचारायचं नाही, वाट बघायची. संमोहनात "काय दिसतंय" एवढंच विचार. "तिथे अमुक आहे का, तमुक घडलं का" असं कधीही विचारायचं नाही. त्या अवस्थेत माणूस आपल्याला खूश करायला नसलेलं घरसुद्धा बांधून दाखवतो आणि मग जन्मभर त्यात राहतो. हे तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण तुझ्यासमोर लोक फार लवकर उघडतात. मला सहा-सात सत्रं लागतात तिथे तुला एक पुरतं. मी उशिरा सरांच्या संमोहनाच्या वर्गात आले आणि तू भेटलीस, तिथेही तसंच होतं. सर म्हणायचे, "हिच्या आवाजात उशी आहे." माझ्या आवाजात काय आहे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वीस वर्षं झाली मला या कामात आणि तुला सात, तरी ते वाक्य मला शब्दशः आठवतं. घे, हेही लपवलं नाही.

रविवारी माझ्या आईला नेहमीसारखा फोन केला. "जेवलीस का?" "जेवले." "तब्येत?" "सगळं छान." चार मिनिटं. त्यातली दोन मी तुझ्याबद्दल बोलते, कारण दुसरं काही सुचत नाही.

तुझी,
ताई

२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

ऐक, ऐक. ड्रिल कामाला आलं!

तिसरं सत्र. टाचणीबाई डोळे मिटून बसल्या, मी श्वास मोजत होते आणि खालून ते सुरू झालं. मी मनात दंतवैद्यांना नको नको ते म्हटलं. पण बाईंच्या चेहऱ्यावर हसू. म्हणाल्या, "मशीन चालू आहे." त्यांना ते शिलाई मशीन वाटत होतं! मग मीही त्या आवाजावरूनच त्यांना खाली खाली नेलं.

सुरक्षित वाटेल अशी एक जागा शोधा, म्हटलं. लोक बाग सांगतात, समुद्र सांगतात. या म्हणाल्या, "कापायच्या टेबलाखाली." मी तू सांगितल्याप्रमाणे "काय दिसतंय" एवढंच विचारलं. म्हणाल्या, चिंध्यांची टोपली आहे. टोपलीत मुलगी झोपली आहे, चार वर्षांची, केसांत दोरे अडकलेत. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली बिघडलेली लोखंडी इस्त्री ठेवली आहे. मुलगी तिला होडी म्हणते. होडी अडकली आहे म्हणते, सोडव म्हणते. आणि बाई तिला सांगतात, होडी अडकलेली बरी बाळा, सुटली तर टेबल पडेल.

ताई, मी इतकी सुंदर जागा कोणाची ऐकली नव्हती. त्या रडल्या. आवाज नाही, नुसतं पाणी. डोळे उघडल्यावर म्हणाल्या, "वरून मशीन चालवायची आणि खाली तिचा श्वास ऐकायचा. तेवढंच सुख होतं बघ." मग निघताना माझ्या गालाला डावा हात लावला आणि म्हणाल्या, "दमलीस का ग बाळ?" मी हात बाजूला करायला हवा होता का? केला नाही. नोंद मात्र केली.

खरं सांगू? ती टोपलीतली मुलगी कोण आहे कोणास ठाऊक, पण मला तिचा हेवा वाटला. तुला माहीतच आहे, मला आई आठवत नाही.

हात अजून तसाच आहे. पण करंगळी हलली.

तुझी,
धाकटी

१ मार्च
(न पाठवलेलं)

आई,

ही इस्त्री जगात एकच आहे.

सकाळी दहाचा क्लायंट आला नाही, म्हणून धाकटीचं पत्र उघडलं. "इस्त्री" पर्यंत आले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. तू माझ्या धाकटीकडे जातेस. दोन तास बसने. माझ्याकडे यायला तुला बस लागते, त्याने मळमळतं. तिच्याकडे जाताना मळमळत नाही.

हात आखडलाय सहा महिने. सव्वीस रविवार. "सगळं छान."

तू रडलीस. माझ्यासमोर तू कधी रडली नाहीस. बाबा गेले त्या आठवड्यात तू कोणाचा तरी अर्धवट कोट पुरा करायला बसलीस आणि मी दारात उभी राहून तुझ्या पाठीकडे बघत होते. मी या कामात आले ती त्या पाठीमुळे. शेकडो लोकांना बोलतं केलं, एक तू सोडून. आणि तिने तुला तिसऱ्या सत्रात रडवलं, दंतवैद्याच्या ड्रिलवर.

मी सगळ्यांना काय सांगत आले माहीत आहे? आई मला टेबलाखाली टाकून शिवत बसायची, असं. स्वतःच्या उपचारांत दोन वर्षं मी त्या टेबलाबद्दल बोलले. आणि तुझ्यासाठी ती जगातली सुरक्षित जागा. मग एवढी सुरक्षित होती तर नवव्या वर्षी मला वसतिगृहात का घातलंस? सुख होतं म्हणे श्वास ऐकायचं. मला का नाही सांगितलंस? तिच्या गालाला हात लावलास. बाळ म्हणालीस. बाळ मी आहे.

मला माहीत आहे आता काय करायला हवं. शिकाऊ मुलींना मीच शिकवते ते. दोन ओळी लिहायच्या: ही केस मला यापुढे बघता येणार नाही, कारण विचारू नकोस, दुसऱ्या कोणाकडे ने. मी पेन उचललं. त्या दोन ओळी लिहिल्या नाहीत. कारण त्या लिहिल्या की पुढचं पत्र येणार नाही.

२ मार्च

प्रिय धाकटे,

सत्र चांगलं झालं. गालाला लावलेला हात हळूच बाजूला करायला हवा होतास, पण नोंद केलीस ते बरं. बाईंबद्दलची ओढ जरा आवर. तू त्यांची कोणी नाहीस.

पुढच्या सत्रात मात्र नुसतं टेबलाखाली रेंगाळू नकोस. हे गोड चित्र म्हणजे एक झाकण आहे, असं मला वाटतं. झाकणाखाली जायला हवं. त्यांना पुरेसं खोल नेऊन थेट विचार, "मुलीला वसतिगृहात ठेवून तुम्ही परत येताय. तुम्हाला काय वाटतंय? सुटल्यासारखं वाटतंय का?" शब्द असेच ठेव. उत्तर जसंच्या तसं लिहून कळव, लवकर.

ताई

१७ मार्च

ताई,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

मी विचारलं. मनाला पटत नव्हतं. "थेट विचारू नकोस" म्हणून तूच लिहिलं होतंस आणि तूच विचार म्हणतेस, तर माझ्यापेक्षा तुला काहीतरी जास्त दिसत असेल, असं वाटलं. सात वर्षांत तुझ्यामुळे माझं कधी चुकलं नाही. म्हणून तुझेच शब्द, जसेच्या तसे, त्या खोलीत बोलले.

त्यांनी डोळे उघडले. हळूहळू नाही, खटकन. मग म्हणाल्या, "वसतिगृहाचं मी तुम्हाला कधी बोलले नाही."

मी घाईने सत्राच्या नोंदी उलटू लागले. त्या म्हणाल्या, "हा प्रश्न तुमचा नाही." उठल्या, कोट घातला. डाव्या हाताने बटणं लावायला फार वेळ लागला. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "राहू दे." खाली ड्रिल चालूच होतं. या मंगळवारी त्या आल्या नाहीत. निरोपही नाही.

मी माझ्या पत्रांच्या ठेवलेल्या नकला बाहेर काढून बसले. पुन्हा पुन्हा वाचल्या. वसतिगृह कुठेच नाही. मी लिहिलेलं नाही, कारण त्यांनी सांगितलेलंच नव्हतं. मग तुला ते कुठून कळलं?

एका सत्तर वर्षांच्या बाईचा विश्वास होता माझ्यावर. करंगळी हलली होती, ताई.

धाकटी

२१ मार्च

प्रिय धाकटे,

एवढं घाबरून जाऊ नकोस. क्लायंट जातात, येतात.

वसतिगृहाचं म्हणशील तर तूच पहिल्या किंवा दुसऱ्या पत्रात ओझरतं लिहिलं होतंस. नकला करताना गाळलं असशील. तुझी नवी खोली, घरमालक, ड्रिल, या सगळ्या धांदलीत असं होतं. थोडी सुट्टी घे. आणि त्या बाई परत आल्या तर मला कळव.

ताई

२६ मार्च

ताई,

सोबत माझ्या दोन्ही पत्रांच्या कार्बन नकला. कार्बनमध्ये गाळता येत नाही, हे तुला माहीत आहे. आपण दोघींनी एकाच दुकानातून ते कागद घेतले होते.

चुकीचा प्रश्न विचारायला लावलास, ते मी समजून घेतलं असतं. पण "तूच लिहिलं होतंस" म्हणालीस. क्लायंटला त्याच्याच आठवणीबद्दल शंका घ्यायला लावणं यासारखं दुसरं पाप नाही, असं मला शिकवणारी तूच. ते तू माझ्याबरोबर केलंस. दोन दिवस मी खरंच स्वतःवर शंका घेत होते.

त्या कोण आहेत हे मी तुला सांगणार नाही. तू काही ओळखलं असशील तर ते तुझ्यापाशी. मी हो म्हणणार नाही आणि नाही म्हणणार नाही. तू कितीही वळणं घेऊन विचारलंस तरी.

आपल्या व्यावसायिक संघाच्या आचारसमितीला हे कळायला हवं. तू कळवतेस की मी कळवू? दहा दिवस थांबते.

तुझ्याकडूनच शिकलेली,
धाकटी

४ एप्रिल

धाकटे,

मी कळवलं. काल, तीन पानं. पोच आली की तुला दाखवेन.

तू लिहिलं नव्हतंस. मी खोटं बोलले. आधी हे, मग बाकीचं.

तुझ्या २४ तारखेच्या पत्रात मी एक माणूस ओळखलं. कोण ते तुला विचारत नाही, तू सांगू नकोस. ओळखलं त्याच क्षणी मी ही केस सोडायला हवी होती. घरमालकाच्या बायकोवरून तुला केवढं ऐकवलं होतं मी! एका खुर्चीत एकच नातं, म्हणे. आणि मी इकडे दोन शहरं पलीकडे बसून तुझ्या खुर्चीत घुसले, तुझं तोंड वापरून मला हवा होता तो प्रश्न विचारला. ज्या माणसाला तो प्रश्न स्वतः विचारायची माझी तीस वर्षं हिंमत झाली नाही, त्याला डोळे मिटलेले असताना गाठलं. कामाच्या भाषेत याला बरीच नावं आहेत. साधं नाव एकच आहे, मी जळले.

तू चुकली असतीस तर मला इतका त्रास झाला नसता. तू अगदी बरोबर करत होतीस, त्याचा राग आला. ते "बाळ" वाचून मी खोलीतलं घड्याळ भिंतीवरून काढून ठेवलं होतं, टिकटिक सहन होईना म्हणून. समोर क्लायंट बसलेले आणि मी मनात तुझ्या गालावरचा हात बघत होते. त्या दिवसांत ज्यांनी माझ्यासमोर आपलं मन मोकळं केलं त्यांचीही मी देणेकरी आहे.

समितीचं उत्तर येईपर्यंत शिकाऊंचं मार्गदर्शन बंद ठेवते. तिघींना कारणासकट सांगितलं. तुझ्यासाठी, आपल्या वर्गातल्या उंच बाई आठवतात का, ज्यांना कोणतीच खुर्ची पुरायची नाही? त्यांच्याशी बोलले, तपशील काही न देता. त्या तुला घेतील. माझ्यापेक्षा कंटाळवाण्या आहेत, पण सरळ आहेत.

तुझी पत्रं बंद पाकिटात परत पाठवते आहे. पुन्हा वाचली नाहीत असं लिहिणार होते. पण आता खोटं नको. टेबलाखालचं पान मी इतक्यांदा वाचलं की ते घडीवर फाटलं आहे. चिकटपट्टी लावली आहे.

माफ कर असं लिहिणार नाही. ते तुझ्यावर ओझं होईल.

ताई

१२ एप्रिल

मने,

डाव्या हाताने लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हे तिसऱ्या दिवशी पुरं होतंय.

तू "सगळं छान" वर थांबतेस म्हणून मी सगळं छान सांगते. जरा काही वेगळं बोलायला गेलं की तू "हं" म्हणतेस. ते पोरीचं हं नसतं, डॉक्टरणीचं हं असतं. जीभ आत जाते माझी. आणि मग तू सुरू होतेस, माझी धाकटी अशी, माझी धाकटी तशी, तिचं पत्र आलं, तिच्या आवाजात उशी आहे. वर्षभर ऐकलं. म्हटलं कोण ही एवढी, जिच्याबद्दल माझी मुलगी दोन दोन मिनिटं बोलते? बघून तर येऊ. हातही दाखवून होईल.

मुलगी चांगली आहे. मला आधी राग आला, की एवढी चांगली आहे. तू काय जळशील, मी आधी जळलेय.

त्या मुलीने सांगितलं की नाव न घालता सगळं तुला लिहून कळवणार. तेव्हा मला वाटलं, हे बरं झालं. मी हिच्याजवळ बोलेन, ही लिहील, आणि तू वाचशील. आपलं माणूस आहे हे न कळता वाचशील, म्हणजे हं न म्हणता वाचशील. म्हणून तर म्हटलं, काही गाळू नका. ती डोळे मिटायला सांगायची ते सोयीचं पडायचं. संमोहन का काय ते लागलं की नाही ते ती जाणे. टेबलाखालचं मी तिला सांगितलंच नाही ग. ती मधे बसली होती एवढंच. तिला बाळ म्हटलं, कारण समोर तीच होती आणि तू नव्हतीस.

मग तो प्रश्न आला. तो ऐकल्यावर मी ओळखलं, की पोचलंय. पण असं नको होतं पोचायला. डोळे मिटलेल्या माणसाला विचारतात का असं? मला फार राग आला तुझा. अजून आहे.

आता उघड्या डोळ्यांनी सांगते. तू नऊ वर्षांची होतीस. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम होतं, तीन दिवस पाठ टेकली नव्हती. तू टेबलाखालून माझा पाय ओढत होतीस, होडी सोडव म्हणून. एवढी मोठी होऊन तेच. मी मापाची लाकडी पट्टी घेतली आणि मारलं. एकदा नाही. किती ते मोजलं नाही. तू ओरडली नाहीस. टोपलीत शिरलीस, मावत नव्हतीस तरी, आणि चिंध्या अंगावर ओढून घेतल्यास. ते बघून मला माझ्याच हाताची भीती बसली. तुझे बाबा गेले होते, मधे पडायला घरात दुसरं कोणी नव्हतं. महिन्याच्या आत तुला वसतिगृहात घातलं. लोकांना सांगितलं शिक्षणासाठी, तुलाही तेच.

सुटल्यासारखं वाटलं का? हो, वाटलं. माझ्यापासून तू सुटलीस म्हणून.

गेल्या वर्षी टेबल विकलं. हलवलं तेव्हा मागे ती पट्टी सापडली. उचलली, आणि बोटं मिटली ती मिटलीच.

हातासाठी मी त्या मुलीकडे परत जाणार आहे. मीच तिला फोन केला. पण यापुढे माझं काही तुला लिहायचं नाही, असं तिला बजावलंय. तुला हवं ते तू मला विचार. नाही सांगावंसं वाटलं तर नाही सांगणार.

इस्त्री विकली नाही. वाऱ्याने पुढचं दार आपटतं, त्याला लावलीय.

आई

१५ एप्रिल

आई,

"कोण असतात त्या" म्हणून तू विचारलंस, तिने माझं नाव सांगितलं, तू सगळं लिहा म्हणालीस. हे सगळं मी फेब्रुवारीतच वाचलं होतं. तिने अगदी स्पष्ट लिहिलं होतं. माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि दिसलं नाही. तुझ्या प्रत्येक शब्दावर माझं नाव होतं आणि मी ते तिचे समजून हिसकावून घ्यायला बघत होते.

मारलेलं मला आठवत नाही. दोन दिवस प्रयत्न केला, मग थांबले. आठवल्यासारखं करणार नाही. खूप जणांनी माझ्या खोलीत असं केलेलं पाहिलंय, आपल्या माणसाला बरं वाटावं म्हणून. तुझी ती आठवण तुझ्याजवळ राहू दे. माझ्याजवळ चिंध्यांचा वास आहे आणि मशीनच्या पायटीवर हलणाऱ्या तुझ्या पायाची लय आहे. ते मी घेऊन येते.

तुझा राग आहे तेवढा असू दे. कमी करायला सांगत नाही.

मंगळवारची ती खोली तुझी. मी विचारणार नाही. बसमध्ये बसलीस का एवढंही नाही. हे लिहायला सोपं आहे, पण खरं सांगते, दर मंगळवारी मी जळणार आहे. तिथे तुझी बोटं एकेक करून उघडतील आणि ते ती बघेल, मी नाही. आणि ते तसंच असायला हवं, हे मला माहीत आहे. माहीत असून जळणार आहे. बाळ म्हणालीस तेही मी अजून सोडलेलं नाही.

या रविवारी फोन करणार नाही, कारण तेव्हा मी बसमध्ये असेन. दुपारपर्यंत पोचेन. डॉक्टरीण घरी ठेवून येतेय. चुकून "हं" म्हणाले तर कॉलरमधली टाचणी काढ आणि टोच.

आणि दाराची होडी काढू नकोस. दार उघडं धरून ठेवील अशी लाव.

तुझी,
मनी